लष्करी बूट निवडताना : एकच जोडी सगळीकडे चालेल का?

पायपीट (धागाकर्ता)

आमच्या तुकडीत ठरलेले बूट मिळतातच, परंतु नियमांच्या चौकटीत बसणारी दुसरी जोडी स्वखर्चाने घेण्याची मुभा आहे. येत्या काळात सरावाची ठिकाणे तीन प्रकारची असणार आहेत : आधी कोरडा, उष्ण, वाळूचा प्रदेश, त्यानंतर दमट जंगल आणि शेवटी थंड, चढउताराचा डोंगराळ भाग. मी पाहिलेल्या एका जोडीच्या पत्रकात ती ‘सर्व हवामानांसाठी’ असल्याचे लिहिले आहे. तिला जलरोधक मेम्ब्रेन, म्हणजे आतून पाणी अडवणारा पातळ पडदा, आहे, उंची ९ इंच आहे आणि पटकन घालता-काढता यावे म्हणून बाजूला चेन आहे. वजनालाही ती हलकी वाटली. अशी एक चांगली जोडी घेऊन तिन्ही ठिकाणी निभावता येईल का, की हा विचारच चुकीचा आहे? ज्यांनी बूट घालून खरोखर मैलोगणती चाल केली आहे किंवा ज्यांना बुटांच्या घडणीची माहिती आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. ‘अमुक कंपनीचे घ्या’ एवढ्यापुरते उत्तर नको आहे.

दफ्तरी

भूभागाचा विचार नंतर करावा. प्रथम आपल्या दलाची गणवेश-नियमावली उघडून त्यातील बुटांचा परिच्छेद शब्दशः वाचावा, कारण कितीही उत्तम बूट असला तरी तपासणीत नाकारला गेला तर तो कपाटातच राहतो. हे परिच्छेद किती बारकाईने लिहिलेले असतात, याची कल्पना यावी म्हणून अमेरिकी लष्कराचे उदाहरण देतो. तेथे स्वतः विकत घेतलेल्या बुटाची उंची ८ ते १० इंचांच्या दरम्यान असावी लागते. चामडे गुरांचे आणि मांसाकडील खरखरीत बाजू बाहेर ठेवलेले असावे लागते, पुढचा भाग साधा, म्हणजे वरून वेगळी टोपी न जोडलेला असावा लागतो आणि सोलचा रंग वरच्या भागाशी जुळावा लागतो. बाह्य सोल फक्त रबराचा किंवा पॉलिइथर पॉलियुरेथेनचा चालतो. सोलची जाडी खालून मोजली असता २ इंचांपेक्षा जास्त असू नये, तसेच तो टाचेवर मागून किंवा चवड्यावर पुढून चढलेला असू नये, असेही त्यात म्हटले आहे. वरच्या भागात कापड चालते, मात्र जाळीचे कापड चालत नाही. आता तुमच्या चेनकडे येतो. शिवून बसवलेली किंवा नाडीच्या जागी बसवलेली चेन त्या नियमावलीत स्पष्ट शब्दांत निषिद्ध आहे. तुमच्या दलाचा नियम वेगळा असू शकेल, परंतु पैसे देण्यापूर्वी या एका मुद्द्याची लेखी खातरजमा करावी.

रंगाच्या बाबतीत नियमाची तारीखही पाहावी. अमेरिकी लष्कराने गणवेशाचा छाप बदलला तेव्हा जुने फिकट वाळूरंगी बूट काही काळ चालू ठेवले आणि १ ऑक्टोबर २०१९ पासून नव्या गणवेशावर कोयोट ब्राउन रंगच सक्तीचा केला. असे संक्रमण सुरू असताना सवलतीत मिळणारी जुन्या रंगाची जोडी घेणे म्हणजे मोजक्याच महिन्यांसाठी खर्च करणे होय.

आणखी एक कलम लोक वाचायचे विसरतात. सुरक्षिततेसाठी किंवा हवामानासाठी कमांडरने विशिष्ट बूट ठरवून दिले असतील, उदाहरणार्थ उष्णतारोधक अस्तराचे किंवा पायाच्या बोटांवर संरक्षक टोपी असलेले, तर त्या वेळी स्वतःची पसंतीची जोडी घालता येत नाही. म्हणजे तुमच्या थंड प्रदेशातील सरावासाठी बूट दलाकडूनच ठरवून मिळण्याची शक्यता आहे. तसे असेल तर तिसऱ्या ठिकाणाचा खर्च वाचला.

रुक्षवारा

दफ्तरी यांनी नियम सांगितले, मी वाळूबद्दल लिहितो. कोरड्या उष्ण प्रदेशात मेम्ब्रेन असलेला बूट घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. अशा ठिकाणी पाणी बाहेरून येत नाही, पायातून येते. घामाची वाफ बाहेर पडण्याच्या वाटेत आणखी एक थर घालून काय मिळवायचे? खरखरीत चामडे आणि नायलॉनचे दाट विणीचे कापड यांचा अस्तराविना बूट तेथे सर्वांत सोयीचा ठरतो.

निचऱ्याची छिद्रे असलेले जंगल बूटही वाळूत नेऊ नयेत, कारण ज्या छिद्रातून पाणी बाहेर जाते त्याच छिद्रातून बारीक वाळू आत येते. हे लष्करांनी अनुभवातून शिकलेले आहे. व्हिएतनाममध्ये जमिनीत रोवलेल्या टोकदार बांबूंपासून बचाव व्हावा म्हणून अमेरिकी जंगल बुटाच्या सोलमध्ये पोलादी पत्रा घातला जात असे. १९९०-९१ च्या आखाती युद्धाच्या काळात त्याच बुटावरून वाळवंटी बूट तयार करताना छिद्रे आणि पत्रा दोन्ही काढून टाकण्यात आले, कारण छिद्रांतून वाळू शिरत होती आणि पत्रा तापलेल्या जमिनीची उष्णता पायाला पोहोचवत होता. एका भूभागाचा गुण दुसऱ्या भूभागात दोष कसा होतो, हे यावरून स्पष्ट व्हावे.

टाकेदार

बुटांच्या दुरुस्तीचे काम रोजचे असल्यामुळे मला आतली बाजू जास्त दिसते. मेम्ब्रेनबद्दल रुक्षवारा यांनी जे लिहिले त्याचे कारण सांगतो. या पातळ पडद्यातून वाफ बाहेर जाते ती आतल्या आणि बाहेरच्या हवेतील बाष्पाच्या दाबाच्या फरकामुळे. बाहेर थंडी असेल तर फरक मोठा असतो आणि पडदा आपले काम करतो. बाहेरची हवाच उष्ण आणि दमट असेल तर तो फरक उरत नाही, वाफ अडते आणि मोजा भिजतो. म्हणून जंगलात तो वाळवंटापेक्षाही कमी उपयोगाचा आहे. शिवाय जंगलात ओढा ओलांडताना पाणी वरच्या तोंडातून शिरते आणि जलरोधक बूट ते पाणी तितक्याच निष्ठेने आत धरून ठेवतो. तेथे पाणी येणारच हे गृहीत धरून ते लवकर बाहेर जाईल असा बूट घ्यावा लागतो : तळाजवळ बाजूंना जाळीदार धातूची छिद्रे, वर चामड्याऐवजी बरेचसे कापड आणि आत शोषून घेणारे जाड अस्तर नाही.

जंगलासाठी सोलची नक्षीही निराळी असते. ‘पनामा’ नावाने ओळखली जाणारी नक्षी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तयार झाली. तिच्यातील रबराचे ठोकळे तिरके आणि एकमेकांपासून लांब असतात, त्यामुळे पाऊल टाकताना दबलेला चिखल बाजूला ढकलला जातो. डोंगरासाठी आपण जी खोल, दाट खाचांची नक्षी पाहतो ती खडकावर उत्तम पकडते, परंतु चिकट मातीत तिच्या खाचा भरून येतात आणि काही पावलांतच बुटाखाली गुळगुळीत, जड थर बसतो.

आता घडणीविषयी. सोल वरच्या भागाला जोडण्याच्या तीन पद्धती सर्रास दिसतात. पट्टी शिवून जोडलेला सोल, ज्याला गुडइयर वेल्ट म्हणतात, तो जड आणि सुरुवातीला ताठर असतो, मात्र झिजल्यावर बदलता येतो. थेट साच्यात ओतून जोडलेला सोल पाणी चांगले रोखतो, कारण शिवणीची भोकेच नसतात, परंतु तो झिजला की सहसा बूटच टाकावा लागतो. फक्त चिकटवलेला सोल सर्वांत हलका असतो. उष्णतेत, विशेषतः तापलेल्या वाहनाच्या पत्र्यावर वारंवार पाय ठेवणाऱ्यांच्या बाबतीत, चवड्याच्या टोकापासून तो सुटू लागतो, असे मी वारंवार पाहतो. दुकानात बूट हातात घेऊन चवडा वाकवावा आणि सोल व चामड्याच्या सांध्यात बारीक फट दिसते का, ते उजेडात पाहावे. फट दिसली तर तो बूट परत ठेवावा.

हिमरेषा

टाकेदार यांच्याशी बहुतांशी सहमत असलो तरी मेम्ब्रेनला सरसकट बाद करणे मला मान्य नाही. ओल्या थंडीत, म्हणजे तापमान शून्याच्या थोडे वर, सतत रिमझिम, गवत भिजलेले आणि दिवसभर हालचाल मंद, अशा ठिकाणी मेम्ब्रेन असलेला बूट आणि नसलेला बूट यांतील फरक संध्याकाळी पाय पाहिल्यावर कळतो. कोरड्या, बर्फाळ थंडीपेक्षा हीच अवस्था पायांना अधिक घातक असते. पाय गोठलेले नसताना, केवळ ओले आणि थंड राहिल्याने जी इजा होते तिला खंदकपाय म्हणतात. पहिल्या महायुद्धात तिने इतके सैनिक निकामी केले की ब्रिटिश सैन्यात रोज मोजे बदलणे, पायांना व्हेलचे तेल चोळणे आणि जोडीदाराने एकमेकांचे पाय तपासणे हे शिस्तीचे भाग झाले. तरीही १९४४-४५ च्या हिवाळ्यात युरोपात अमेरिकी सैन्याला हाच धडा पुन्हा घ्यावा लागला.

१९८२ च्या फॉकलंड युद्धाचे उदाहरण बुटांच्या दृष्टीने अधिक बोलके आहे. ब्रिटिश सैनिकांकडे घोट्यापर्यंतचे डीएमएस (थेट साच्यात ओतलेल्या सोलचे) बूट आणि वर गुंडाळायच्या पट्ट्या होत्या. दलदलीच्या, वाऱ्याच्या त्या बेटांवर पाणी आत शिरले, बूट वाळले नाहीत आणि अनेकांना खंदकपाय झाला. त्यानंतर ब्रिटिश सैन्यात उंच बूट आले. पुढे २०१२ मध्ये तपकिरी बुटांची नवी श्रेणी ठरवताना त्यांनी एकच बूट सगळ्यांना न देता वाळवंटातील लढाई, वाळवंटातील गस्त, समशीतोष्ण प्रदेशातील लढाई, गस्त आणि ओली थंडी असे वेगवेगळे प्रकार केले. एका मोठ्या सैन्याला जे एका जोडीत बसवता आले नाही, ते विक्रेत्याच्या पत्रकात बसले आहे, याचे मला कौतुक वाटते.

अतिथंड प्रदेशासाठी तर निराळेच तत्त्व वापरले जाते. अमेरिकी सैन्यातील फुगीर रबरी बुटांमध्ये रबराच्या दोन थरांमध्ये उष्णतारोधक थर कायमचा बंद केलेला असतो. काळा प्रकार सुमारे उणे २९ अंश सेल्सिअसपर्यंत आणि पांढरा सुमारे उणे ५४ अंशांपर्यंत वापरण्यासाठी आहे. त्यात घाम मुळीच बाहेर जात नाही, पाय ओला होतो, परंतु रोधक थर कोरडा राहतो म्हणून पाय उबदार राहतो. मोजे मात्र दिवसातून अनेकदा बदलावे लागतात. त्या बुटाच्या बाजूला एक छोटी झडप असते. विमानातून जाताना दाब समान राहावा म्हणून ती उघडायची आणि जमिनीवर उतरल्यावर बंद करायची. ती उघडी राहून आत पाणी गेले तर तो बूट निरुपयोगी होतो, कारण बंद थरातील पाणी बाहेर काढता येत नाही.

रुक्षवारा

हिमरेषा, ओल्या थंडीपुरते तुमचे म्हणणे मान्य. परंतु धागाकर्त्याच्या तीनपैकी दोन ठिकाणी उष्णता आहे, आणि ज्यांच्याकडे एकच जोडी असते ते ती सगळीकडे घालतात, हा अनुभव आहे. माझा आक्षेप त्या सवयीला आहे.

पादचिकित्सक

मी पायांवर उपचार करतो, त्यामुळे माझ्या दृष्टीने या चर्चेत मापाचा उल्लेख इतका उशिरा यावा, हे थोडे आश्चर्याचे आहे. माझ्याकडे येणाऱ्या तरुण प्रशिक्षणार्थींच्या बहुतेक तक्रारी, म्हणजे फोड, काळे पडलेले नख, टाचेची सोललेली कातडी, चवड्याखालील दुखणे, या बुटाच्या जातीमुळे नसून मापामुळे असतात.

अमेरिकी लष्करातील वैद्यकीय अधिकारी एडवर्ड मन्सन यांच्या मंडळाने विसाव्या शतकाच्या आरंभी सैनिकांच्या पायांचा पद्धतशीर अभ्यास केला आणि १९१२ मध्ये लष्करी बुटाचा नवा साचा स्वीकारला गेला. त्या अभ्यासात पाय मोजताना सैनिकाच्या पाठीवर ४० पौंडांचे ओझे देऊन सगळा भार एका पायावर टाकायला लावत, कारण ओझ्याखाली पाऊल लांब होते आणि पसरते. मोकळ्या अंगाने बसून घेतलेले माप म्हणून फसवे असते. ही रीत आजही घरी करता येते : संध्याकाळी, पाय दिवसभराच्या चालीने किंचित सुजलेले असताना, सरावात जे मोजे घालणार तेच घालून आणि पाठीवर भरलेली पिशवी घेऊन बूट घालून पाहावेत.

नाडी बांधण्याआधी पाऊल पुढे सरकवून बोटे टोकाला टेकवावीत. तेव्हा टाचेमागे एक बोट सहज जावे. नंतर टाच मागे ठोकून नाडी बांधावी आणि उतारावर चालून पाहावे. उतारावर बोटे पुढे आदळत असतील तर बूट आखूड आहे, आणि मोठ्या अंतराच्या चालीत नखे जाणार हे निश्चित समजावे. चढावर टाच थोडीशी उचलली गेली तरी चालते, कारण सोल मऊ झाल्यावर ती कमी होते. चवड्याची रुंदी मात्र ‘वापरून सैल होईल’ या भरवशावर कधीही घेऊ नये. चामडे रुंदीला थोडे सैल होते, टोकाची कडक टोपी होत नाही. दोन्ही पाय मोजावेत आणि मोठ्या पायाचे माप घ्यावे.

वजनाबद्दल धागाकर्त्याचे निरीक्षण महत्त्वाचे आहे. पायावरचे वजन प्रत्येक पावलागणिक उचलून पुढे फेकावे लागते, त्यामुळे तेवढेच वजन पाठीवर असताना जितकी ऊर्जा लागते त्याच्या कित्येक पट पायावर लागते. विविध अभ्यासांत हे प्रमाण साधारण चार ते सहा पट आढळले आहे. म्हणून अनावश्यक पोलाद आणि जाड अस्तर पायावर वागवू नये. तथापि भरलेली पिशवी घेऊन खडकाळ भागात जायचे असेल तर फार मऊ, हलका सोल चवड्याला थकवतो. तेथे सोलमध्ये ताठरपणा देणारी पट्टी हवी. बूट दोन्ही हातांनी पिळून पाहावा. मधोमध सहज पिळला जात असेल तर तो सपाट जमिनीसाठी आहे.

दफ्तरी

पोलादाचा विषय निघालाच आहे म्हणून एक पुरवणी. संरक्षक टोपी प्रत्येकाला लागत नाही. कार्यशाळा, दारूगोळ्याचे भांडार, जहाजाचे डेक, अशा कामांना ती लागते. आयएसओ २०३४५ या सुरक्षा-बुटांच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार टोपीने २०० ज्यूल ऊर्जेचा आघात सहन करावा लागतो. बुटावर ती खूण नसेल तर ‘मजबूत टोक’ या शब्दांना अर्थ नाही. थंडीत पोलादी टोपी पायाची ऊब ओढून घेते, त्यामुळे नियम परवानगी देत असतील तर संमिश्र साहित्याची टोपी बरी. विमानदल किंवा रणगाड्यांवरील कर्मचाऱ्यांनी आगीचा विचार करावा. नायलॉन सुमारे २२० ते २६० अंशांच्या दरम्यान वितळून कातडीला चिकटते, म्हणून त्यांच्या बुटात चामड्याचा वापर अधिक असतो आणि कापड असलेच तर ते न वितळणारे असते. पायदळातील माणसाला भावलेली जोडी त्यांना चालेलच असे नाही.

पायपीट

सर्वांचे मनापासून आभार. नियमावली पाहिली : चेन निषिद्ध आहे आणि थंड प्रदेशातील बूट दलाकडूनच मिळणार आहेत, म्हणजे दफ्तरी यांचा अंदाज बरोबर निघाला. आता मी दोन जोड्यांचा विचार करतो आहे : वाळूसाठी अस्तराविना खरखरीत चामड्याची आणि जंगलासाठी निचऱ्याची. नव्या बुटांना पायाची सवय लावण्याबाबत आणि देखभालीबाबत थोडे सांगाल का? आमच्याकडील जुने लोक बूट पाण्यात भिजवून पायातच वाळू द्यायला सांगतात. तसेच पुढच्या वर्षासाठी एक जोडी आत्ताच घेऊन ठेवावी का?

पादचिकित्सक

भिजवण्याचा उपाय जाड, अस्तर नसलेल्या जुन्या चामड्यासाठी होता. आजच्या बुटात त्याने आतील गोंद आणि फोम खराब होतो, आणि ओल्या मोज्यात पायाला फोड येतात ते वेगळेच. सुरुवातीला घरात, मग छोट्या फेरीला, मग हलक्या ओझ्यासह अशी वाढ करावी. एखादी जागा गरम वाटू लागली की तेथेच थांबून ती पट्टीने झाकावी. फोड आल्यावर पट्टी लावणे म्हणजे उशीर झालेला असतो. मोजे सुती नकोत, ते घाम धरून ठेवतात. आत कृत्रिम धाग्याचा पातळ आणि वर लोकरीचा, अशा दोन थरांत घर्षण मोज्यामोज्यांमध्ये होते, कातडीवर होत नाही. मात्र बूट दोन मोज्यांसह मोजून घेतलेला असावा.

टाकेदार

खरखरीत चामड्याला मेणाचे पॉलिश लावू नये. त्याने रंग गडद होतो, चामड्याची श्वसनक्षमता जाते आणि तपासणीतही तो बूट उठून दिसतो. कोरड्या ताठ ब्रशने धूळ काढावी, चिखल आधी वाळू द्यावा. ओला बूट शेकोटीजवळ किंवा हीटरवर ठेवू नये, चामडे आकसून तडकते आणि सोलचा गोंद सुटतो. आतला सोल बाहेर काढावा, वर्तमानपत्राचे बोळे भरावेत आणि ओले झाले की बदलावेत. दोन जोड्या असतील तर आलटूनपालटून घालाव्यात, एका रात्रीत बूट आतून पूर्ण वाळत नाही.

साठवून ठेवण्याबाबत माझे उत्तर ‘नको’ असे आहे. पॉलियुरेथेनचा मिडसोल, म्हणजे बाह्य सोलच्या वरचा मऊ मधला थर, हवेतील ओलाव्याने हळूहळू आतून विघटित होतो, वापर नसला तरी. काही वर्षे डब्यात ठेवलेला, दिसायला कोरा बूट पहिल्याच चालीत भुग्यासारखा तुटतो, अशा जोड्या दुरुस्तीला येतात आणि त्यांना मी काहीही करू शकत नाही. पॉलिएस्टर प्रकार यात लवकर जातो, पॉलिइथर प्रकार ओलाव्याला अधिक टिकतो. दफ्तरी यांनी सांगितलेल्या नियमात बाह्य सोलसाठी पॉलिइथरचेच नाव का आहे, ते यावरून लक्षात येईल. त्यामुळे सवलतीत जोडी मिळत असेल तर प्रथम जिभेच्या आतील लेबलावर उत्पादनाचा महिना व वर्ष शोधावे. नंतर अंगठ्याच्या नखाने टाचेजवळचा मिडसोल दाबून पाहावा. खूण लगेच भरून न येता तशीच राहिली किंवा बारीक कण सुटले तर किंमत कितीही कमी असली तरी ती जोडी घेऊ नये.

हिमरेषा

पायपीट, दलाकडून थंडीचे बूट मिळतील तेव्हा ते ताब्यात घेतानाच जाड मोज्यांसह माप तपासा आणि गरज असल्यास लगेच बदलून मागा. भांडारात मोठी मापे आधी संपतात. थंडीत घट्ट बूट रक्ताभिसरण अडवतो आणि मग त्यातील कितीही जाड अस्तर पाय गरम ठेवू शकत नाही.